हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि संन्यासी मुख्याध्यापक

१/ चाकूर, अहमदपूर, उदगीर या भागातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर एका संन्याशाचे नाव असते : स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. त्याआधी सुमारे नऊ वर्षे ते शाळामास्तर होते, ही बाजू मात्र झाकोळून गेली. हा धागा त्या मास्तरांविषयी.

२/ पार्श्वभूमी. निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषकांची संख्या मोठी. माध्यमिक शिक्षण व सरकारी कारभार मात्र प्रामुख्याने उर्दूत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला. त्याचे मोल मान्य करूनही एक प्रश्न उरतोच : ज्या मुलाच्या घरात ती भाषा नाही, त्याने काय करावे?

३/ या प्रश्नाचे उत्तर खासगी शाळांनी शोधले. हैदराबादेत विवेकवर्धिनी, गुलबर्ग्यात नूतन विद्यालय, औरंगाबादेत सरस्वती भुवन. ही सारी शहरे. १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी हिप्परगा या खेड्यात (आजचा धाराशिव जिल्हा) राष्ट्रीय शाळा काढली, तेव्हा ही चळवळ गावात पोहोचली.

४/ ‘राष्ट्रीय शाळा’ म्हणजे काय? सरकारी अनुदान व नियंत्रण नाकारणारी, मातृभाषेला आणि स्वावलंबनाला महत्त्व देणारी शाळा. टिळकांच्या चतुःसूत्रीतील ‘राष्ट्रीय शिक्षण’ या सूत्राचे हे प्रत्यक्ष रूप. पण त्याची किंमत होती. अशा शाळेची वाट सरकारी नोकरीकडे जात नव्हती. मुलाला तिथे घालणारा बाप त्याच्या भविष्याचाच डाव लावत होता.

५/ या शाळेला लाभलेले मुख्याध्यापक म्हणजे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, सिंदगी, जिल्हा विजापूर. असहकाराच्या काळात त्यांनी सरकारी शाळा सोडली; पुढचे शिक्षण अमळनेरची राष्ट्रीय शाळा आणि पुण्याचे टिळक विद्यापीठ येथे झाले. काही काळ कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासोबत काम केले. म्हणजे पर्यायी शिक्षणाचा डाव त्यांनी आधी स्वतःवरच लावून पाहिला होता.

६/ १९२९ च्या सुमारास ते हिप्परग्यास आले. १४ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी संन्यास घेतला आणि ते ‘स्वामी रामानंद तीर्थ’ झाले. संन्यासी झाल्यावर माणूस वर्ग सोडतो, अशी आपली समजूत. स्वामीजींनी वर्ग सोडला नाही. त्यांच्या लेखी अध्यापन हाच संन्यासधर्म होता.

७/ १९३५ साली सहकाऱ्यांसह ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले आणि योगेश्वरी विद्यालयाच्या कामात उतरले. लहान गावातही माध्यमिक शिक्षण उभे राहू शकते, हे हिप्परग्याने दाखवले होते. आता तो अनुभव मोठ्या कसब्यात आला.

८/ १९३८ साली शाळा सुटली. स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली, ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थी काढले गेले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला; पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. शिक्षणाची एक दारे बंद करणारी सत्ता आणि दुसरे दार उघडणारे लोक, हा संघर्ष आता शाळेच्या भिंतींबाहेर आला होता.

९/ १७ सप्टेंबर १९४८ नंतर स्वामीजी लोकसभेत गेले, पण त्यांनी शिक्षण सोडले नाही. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. पुढे नरहर कुरुंदकर याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. स्वामीजींचे निधन २२ जानेवारी १९७२ रोजी झाले; नांदेडचे विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले.

१०/ मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपण सत्याग्रह, सीमेवरचे कॅम्प आणि पोलीस कारवाई यांतून वाचतो. त्याचा एक अध्याय फळा आणि खडूनेही लिहिला आहे. सरकारी शिक्का नसलेल्या शाळेत मुले धाडणाऱ्या अनाम पालकांची नावे कोणत्याही स्तंभावर कोरलेली नाहीत. तो अध्याय त्यांचाही आहे.