समाजशास्त्राच्या पदवीची खतावणी

बारावीचा निकाल लागला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या अनेक घरांतून, समाजशास्त्राचे नाव काढणाऱ्या मुलाला वा मुलीला वडीलधाऱ्यांचा एकच प्रश्न ऐकावा लागतो: ‘ते शिकून पुढे काय?’ या प्रश्नाला कोत्या वृत्तीचे लक्षण मानणे अन्यायाचे होईल. कारण ज्या गृहस्थाचे घर दरमहाच्या पगारावर चालते, त्याच्या दृष्टीने अपत्याची तीन किंवा पाच वर्षे ही आयुष्यातील मोठी गुंतवणूक असते आणि तिचा हिशेब मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र तो हिशेब नीट मांडायचा, तर आजच्या फीच्या पावतीपुरते पाहून भागत नाही. मागील शंभर वर्षांची खतावणी उघडावी लागते.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली स्थापन झाला आणि पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणात जन्मलेले, संस्कृतचे व्युत्पन्न विद्वान गोविंद सदाशिव घुर्ये यांना विद्यापीठानेच शिष्यवृत्ती देऊन विलायतेस धाडले. केंब्रिजहून परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी विभागाची सूत्रे हाती घेतली आणि १९५९ पर्यंत ती सांभाळली. एका विद्यार्थ्याच्या परदेशगमनावर झालेल्या त्या खर्चाची फलश्रुती पाहावी: इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे सारे घुर्ये यांच्या हाताखाली तयार झाले. श्रीनिवासांचा म्हैसूरच्या विवाह-कुटुंबसंस्थेवरील एम. ए.चा प्रबंध १९४२ साली ग्रंथरूपाने बाहेर पडला. खर्च एका खात्यावर पडला, आणि जमा मात्र साऱ्या देशाच्या ज्ञानाच्या खात्यावर झाली.

त्या काळी उच्च शिक्षण म्हणजे कोट विभागाची वारी. पुढे उपनगरांतच महाविद्यालये उघडत गेली: १९३० साली जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसूफ महाविद्यालय निघाले, १९४६ मध्ये अंधेरीला भवन्स, १९५९ मध्ये विद्याविहारला सोमय्यांचे विद्यासंकुल, १९६३ मध्ये घाटकोपरला झुनझुनवाला महाविद्यालय आणि बऱ्याच उशिराने, १९८४ मध्ये, मुलुंडला वझे महाविद्यालय. विद्यापीठाचा समाजशास्त्र विभागही पुढे सांताक्रूझच्या विद्यानगरीत आला. दात्यांच्या देणग्या आणि सरकारी अनुदान यांमुळे कला शाखेची फी सामान्य कुटुंबाला झेपेल इतकी राहिली. १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांना फीमाफीची सवलत मिळाली, आणि १९७१ मध्ये विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाची सोय केल्यावर नोकरी किंवा संसार न सोडता पदवी घेण्याचा मार्ग खुला झाला. तेव्हा पदवीचा खरा खर्च फीत नव्हे, तर बुडालेल्या कमाईत होता. सकाळच्या सत्रातले तास आटोपून, वह्या पिशवीत कोंबून, अकराच्या आत दुकानाच्या गल्ल्यावर किंवा शिकवणीच्या वर्गात हजर होणारा उपनगरी विद्यार्थी हा खर्च स्वतःच्या झोपेतून आणि वाचनाच्या वेळेतून भागवीत असे.

आता जमेची बाजू. १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. १९४४ मध्ये तिचे ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ असे नामांतर झाले आणि १९५४ मध्ये ती देवनारला स्थिरावली. मध्यंतरी १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या रस्त्यालगत धुराडी उभी होती तोवर, समाजशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या आणि पुढे समाजकार्याची किंवा कामगार-कल्याणाची पदविका मिळवलेल्या तरुणाला कायद्यानेच खुर्ची मांडून ठेवली होती. विषय तोच, पुस्तके तीच. परंतु कायद्याने जागा निर्माण केली आणि पदवीला भाव आला.

ती धुराडी विझली, कारखान्यांच्या जमिनींवर गृहसंकुले आणि मॉल उभे राहिले, तेव्हा त्या खुर्च्याही उठल्या. त्यांच्या जागी पुनर्वसन प्रकल्पांची सर्वेक्षणे, स्वयंसेवी संस्था, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर घातलेल्या सामाजिक दायित्वाची कामे आली. पण ही बहुधा मुदतीची, प्रकल्पासरशी संपणारी. प्राध्यापकीची वाट सेट-नेटच्या परीक्षेतून जाते आणि त्यापुढे कित्येकांना तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीत वर्षानुवर्षे खोळंबावे लागते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा विषय अनेकजण निवडतात. परंतु त्या परीक्षेतील यश मोजक्यांच्याच वाट्याला येते, म्हणून ते साऱ्यांच्या हिशेबात धरणे सुज्ञपणाचे नाही.

या खतावणीचा निष्कर्ष मला स्पष्ट दिसतो. समाजशास्त्राच्या पदवीची कमाई त्या विषयाच्या योग्यतेवर जितकी अवलंबून राहिली, त्याहून अधिक ती समाजाने त्या ज्ञानासाठी जागा ठेवली की नाही यावर राहिली. म्हणून पालकांनी प्रश्न जरूर विचारावा, आणि मुलांनीही आकडेशास्त्र, सर्वेक्षणाची पद्धती, कायदा यांपैकी एखाद्या हत्याराची जोड घेऊनच या विषयात उतरावे. परंतु झोपडपट्टी हलविताना, लोहमार्ग रुंद करताना, वस्तीतील शाळा ओस का पडते हे शोधताना ज्या शासनाला या विद्येची गरज भासते, त्याने तिच्या अभ्यासकांना कायम पदे आणि पुरेसे वेतन द्यावे, हे त्याचे देणे आहे. शंभर वर्षे सार्वजनिक पैशाने पोसलेल्या विद्येचे पीक कापणीच्या वेळी वाऱ्यावर सोडणे, हा या जमाखर्चातील सर्वांत मोठा तोटा होय.