जुनी वास्तू, नवा संसार

बऱ्हाणपुरातील बुधवाऱ्याचे नाव कानी पडताच पुणेकराला आपली बुधवार पेठ आठवावी, हे स्वाभाविकच आहे. तापीकाठचे हे शहर आज मध्यप्रदेशात असले, तरी त्याचा इतिहास खानदेशाचा आहे. खुलदाबादेस ज्यांची कबर आहे, त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतांच्या नावावरून फारुकी सुलतानांनी हे नगर वसविले. अशा जुन्या नगरात भिंती शतकानुशतके उभ्या राहतात. राहणारे तेवढे बदलतात. मग दुसऱ्या कोणासाठी बांधलेल्या वास्तूचे अंतरंग नव्या रहिवाशाने कसे बदलावे, हा प्रश्न उभा राहतो.

1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. तापीच्या तीरावरील त्यांचा राजवाडा मोगलांच्या हाती आला. मोगलांनी तो पाडला नाही. आपल्या राहणीस साजेल असा करून घेतला. तेथील शाही हमामखाना याची साक्ष देतो. त्याच्या छतावरील रंगीत नक्षी पाहून प्रवासी थबकतो; परंतु स्नानगृहात नक्षीच्या आधी विचार करावा लागतो तो पाण्याचा, उष्णतेचा आणि उजेडाचा. पाण्याच्या बाबतीत हे नगर विलक्षण दक्ष होते. सतराव्या शतकाच्या आरंभी येथे कुंडी भंडारा बांधण्यात आला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्यांतून, केवळ उताराच्या बळावर, नगरात येऊ लागले. 1631 मध्ये मुमताजमहल याच नगरात निवर्तली. पुढे राजवाड्यातील राबता तुटला आणि त्याचा बराच भाग ढासळला. हमामखाना मात्र अद्याप उभा आहे.

हाच प्रश्न विसाव्या शतकात न्यूयॉर्कपुढे निराळ्या रूपात आला. त्या शहराच्या सोहो भागात बिडाच्या खांबांवर उभारलेल्या कारखान्यांच्या इमारती ओस पडू लागल्या. त्यांच्या मोकळ्या, उंच छताच्या मजल्यांना तेथे ‘लॉफ्ट’ म्हणतात. स्वस्त भाडे आणि भरपूर उजेड पाहून चित्रकार व शिल्पकार तेथे राहू लागले. पण कारखान्यात राहणे कायद्याला मान्य नव्हते. 1968 मध्ये डोनाल्ड जड या कलावंताने स्प्रिंग स्ट्रीटवरील 1870 सालची अशीच एक पाचमजली इमारत विकत घेतली. तिच्या मजल्यांचे लहान खोल्यांत तुकडे करण्याचे त्याने टाळले. भोजन, काम, निद्रा यांस वेगवेगळे मजले देऊन त्याने मूळचा मोकळेपणा राखला. 1971 मध्ये कलावंतांना सोहोत राहण्याची मुभा मिळाली. 1982 च्या कायद्याने अशा इमारतींतील रहिवाशांना संरक्षण दिले आणि मालकांवर आगीपासूनच्या सुरक्षिततेची जबाबदारी टाकली.

न्यूयॉर्कला कारखान्यांची घरे झाली. बऱ्हाणपुरासारख्या विणकरांच्या गावी घराचाच कारखाना होतो. हातमाग माणसाच्या संसारात सामावत असे. यंत्रमाग आला, की त्याच्याबरोबर हादरे, आवाज आणि कापसाची तूसही घरात येते. माणसाच्या वजनासाठी घातलेल्या तुळईवर यंत्राचा भार पडतो आणि वाऱ्यासाठी ठेवलेली खिडकी सामानामागे झाकली जाते. अशा घरात मुले अभ्यास करतात, वृद्ध विश्रांती घेतात, हे विसरून चालणार नाही.

म्हणून जुन्या पेठेतील घर बदलू इच्छिणाऱ्याने रंग आणि लाकूडसामान निवडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. छताचा भार कोणती भिंत वा कोणता खांब पेलतो, पाणी कोठून येते व कोठे जाते, आणि आग लागल्यास माणसे कोणत्या वाटेने बाहेर पडतील. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की उरलेली सजावट ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे करावी. मोगलांनीही छत रंगविले ते पाण्याची सोय असलेल्या नगरात.