लहान विमान मोठे करताना

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचे एखादे विमान बहुधा असतेच. पंखांना रंग दिलेला असतो, शेपटीवर क्रमांक असतो आणि शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी असते. ते विमानासारखे दिसते, पण उडत नाही. प्रतिकृतींचा दुसरा एक प्रकार उडण्यासाठीच बांधला जातो. हौशी मंडळी आज फोमपासून तीन-चार मीटर पंखविस्ताराची रेडिओ-नियंत्रित विमाने घरी तयार करतात. काम वरवर सोपे वाटते. एक मीटरचे विमान चांगले उडत असेल, तर आराखड्यातील प्रत्येक माप तिप्पट करावे, की झाले तीन मीटरचे विमान! प्रत्यक्षात तसे होत नाही. का होत नाही, हे माणसाला कसे उमगले आणि त्यावर तोडगा कसा निघाला, हे आम्ही या लेखात पाहणार आहोत.

राइट बंधूंचे खेळणे

पॅरिसमधील त्विलेरी बागेत १८ ऑगस्ट १८७१ रोजी आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने आपले छोटे विमान उडवून दाखवले. पंखविस्तार ४५ सेंटिमीटर, वजन अवघे १६ ग्रॅम. पीळ दिलेल्या रबराच्या शक्तीवर त्याचा पंखा फिरत असे. हे विमान अकरा सेकंद हवेत राहिले आणि सुमारे ४० मीटर गेले. शेपटीच्या योग्य मांडणीमुळे ते स्वतःचा तोल स्वतःच सांभाळत होते, हे त्याचे खरे वैशिष्ट्य.

पेनोने रबरावर चालणारे हेलिकॉप्टरही केले होते. त्या धर्तीचे एक खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांसाठी घरी आणले. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल सात वर्षांचा. बूच, बांबू आणि कागद यांचे ते खेळणे लवकरच मोडले. मग मुलांनी तसेच नवे केले, त्याहून मोठे केले, त्याहूनही मोठे केले. पण आकार वाढत गेला, तसतसे उड्डाण आखूड होत गेले. पुढे १९०८ मध्ये लिहिलेल्या एका लेखात राइट बंधूंनी ही आठवण सांगितली आहे. लांबी-रुंदी दुप्पट केली तर शक्ती आठपट लागते, हे त्या वयात आपल्याला ठाऊक नव्हते, असे ते म्हणतात.

वर्ग आणि घन

या कोड्याचे मूळ गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवून दिले होते. 'दोन नवी शास्त्रे' या ग्रंथात त्याने विचारले, की प्राणी दुप्पट-तिप्पट मोठा झाला तर त्याच आकाराची हाडे त्याला पेलतील काय? उत्तर अर्थात नाही असे होते. लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. वजन घनफळाबरोबर वाढते, तर हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर.

हेच गणित विमानाला लावू. एका विमानाचा पंखविस्तार १ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर आणि वजन ५०० ग्रॅम आहे असे धरू. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर २.५ किलोग्रॅमचा भार आला. याला पंखभार म्हणतात. आता पदार्थ तेच ठेवून प्रत्येक माप दुप्पट केले, तर क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर होईल, पण वजन ४ किलोग्रॅम होईल. पंखभार ५ किलोग्रॅमवर गेला. पंखाचे उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दुप्पट पंखभार तोलण्यास वेग १.४ पट हवा. वजन आठपट आणि वेग १.४ पट, म्हणजे लागणारी शक्ती अकरापटींच्याही वर गेली. शिवाय त्याच घडणीच्या सांगाड्यावरचा ताण दुप्पट झाला, तो वेगळाच.

लँग्लेचे अपयश

सॅम्युएल लँग्ले हे अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख आणि नामांकित खगोलशास्त्रज्ञ. ६ मे १८९६ रोजी त्यांचे वाफेच्या इंजिनाचे, मनुष्यविरहित 'एअरोड्रोम क्र. ५' पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. त्याचा पंखविस्तार चार मीटरांहून थोडा अधिक होता. हवेपेक्षा जड यंत्राचे एवढे लांब उड्डाण तोवर झाले नव्हते. त्यानंतर अमेरिकेच्या युद्धखात्याने माणूस वाहून नेणारे विमान करण्यासाठी पन्नास हजार डॉलर दिले.

लँग्ले यांनी आधी पेट्रोल इंजिनावर चालणारी एकचतुर्थांश आकाराची प्रतिकृती केली. तीही उडाली. मग त्याच घडणीचे चौपट आकाराचे विमान तयार झाले. पंखविस्तार साडेचौदा मीटरांच्या पुढे गेला. मापे चौपट केली की क्षेत्रफळ सोळापट होते आणि वजन चौसष्टपट व्हायला निघते. ते आवरण्यासाठी सांगाडा अतिशय हलका ठेवावा लागला. ७ ऑक्टोबर १९०३ रोजी चार्ल्स मॅनली यांना घेऊन हे विमान तराफ्यावरील फेकयंत्रातून सुटले आणि सरळ पाण्यात पडले. ८ डिसेंबरला ते सुटतानाच मोडले. गारठलेल्या नदीत मॅनली बुडता बुडता वाचले. नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधूंचे विमान उडाले.

लँग्ले यांनी दोष फेकयंत्राला दिला. नंतरच्या अभ्यासकांनी मुख्यतः सांगाड्याच्या दुबळेपणाकडे बोट दाखवले आहे. लहान आकारात पुरेशी ठरलेली घडण चौपट आकारात पुरी पडली नाही. एका माणसाचा जीव त्या हिशेबावर टांगला होता, हे विसरता येत नाही.

रेडिओला हवे मोठे विमान

मग प्रतिकृती लहानच का ठेवू नये? याचे उत्तर रेडिओच्या इतिहासात आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींनी चालणारी छोटी बोट दाखवली होती. बोटीत जड विद्युतघट ठेवता येतात. विमानात मात्र प्रत्येक ग्रॅम पंखांना उचलावा लागतो. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये 'गफ' नावाचे रेडिओ-नियंत्रित विमान उडवले. ते या प्रकारच्या पहिल्या यशस्वी विमानांपैकी एक मानले जाते. त्याचा पंखविस्तार सुमारे अडीच मीटर होता. त्या काळच्या निर्वात नळ्या आणि विद्युतघट यांचे वजन कमी करणे हौशी माणसाच्या हाती नव्हते. ते ओझे पेलायला विमानच मोठे करावे लागले.

म्हणजे पेच असा झाला: विमान मोठे हवे, पण वजन घनाने वाढता कामा नये. याला एकच वाट होती. आकार वाढवताना पदार्थ आणि घडण दोन्ही बदलायची.

फोम आला

बाल्सा हे अतिशय हलके लाकूड. त्याची घनता घनमीटरला साधारण १०० ते २०० किलोग्रॅम असते, सागाची ६५० च्या आसपास. तीन मीटर लांबीच्या पंखाचे घनफळ सुमारे ४० लिटर भरते. भरीव सागाचा असा पंख २६ किलोचा होईल आणि भरीव बाल्साचाही ६ किलोचा. म्हणून बाल्साचे पंख भरीव करीत नसत. पातळ फासळ्या ओळीने उभ्या करून त्यांवर कागद किंवा रेशीम ताणून बसवीत. काम नाजूक, वेळखाऊ आणि फार कौशल्याचे.

पॉलिस्टायरीन हे बहुवारिक १९३० च्या दशकात बाजारात येऊ लागले. त्याचा फेस करून गोठवण्याची कल्पना स्वीडनमधील कार्ल मुंटर्स आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच दशकात मांडली. १९४० च्या दशकात अमेरिकेतील डाऊ कंपनीत रे मॅकइंटायर यांनी तसा फोम तयार केला आणि युद्धकाळात तो तराफ्यांसाठी वापरला गेला. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत १९५० च्या सुमारास फ्रिट्झ श्टास्टनी यांनी वेगळी रीत शोधली. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांत पेंटेन हा बाष्पनशील द्रव भरायचा आणि वाफ द्यायची. मऊ झालेले मणी फुगतात आणि साच्यात एकमेकांना चिकटतात. हाच आपला थर्माकोल. त्याच्या घनफळात सुमारे ९८ टक्के हवा असते. घनता २० किलोग्रॅम धरली, तर वरचा ४० लिटरचा पंख भरीव असूनही फक्त ८०० ग्रॅमचा होतो.

थर्माकोल कापण्याची युक्ती गणपतीची मखरे करणाऱ्या कारागिरांना चांगली ठाऊक आहे: विजेने तापवलेली नायक्रोमची तार. पंखासाठी ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाचे साचे लावतात आणि तार त्यांवरून सावकाश ओढतात.

पण नुसता थर्माकोल ठिसूळ असतो. त्यावर लाकडाचा पातळ पापुद्रा किंवा काचतंतूंचे कापड चिकटवले की चित्र पालटते. पंख वाकू लागला की वरच्या आवरणावर दाब आणि खालच्यावर ताण येतो. मधल्या फोमचे काम आवरणांना एकमेकांपासून दूर धरण्याचे आणि त्यांना चुरगळू न देण्याचे. लोखंडी गर्डरच्या दोन पट्ट्या मधल्या पत्र्यामुळे दूर राहतात, तसेच हे. रसायनाची निवड मात्र जपून करावी लागते. पेट्रोल, थिनर आणि पॉलिएस्टर रेझीन थर्माकोलला विरघळवून टाकतात. इपॉक्सी रेझीन चालते. बर्ट रुटान या अमेरिकन अभियंत्याने हीच घडण माणूस नेणाऱ्या विमानात आणली. लहानपणापासून प्रतिकृती बांधणाऱ्या या माणसाचे 'व्हेरीईझी' विमान २१ मे १९७५ रोजी उडाले. तापलेल्या तारेने कापलेला फोम आणि त्यावर इपॉक्सीत भिजवलेले काचतंतू, अशी त्याची घडण होती आणि अनेकांनी ते घरी बांधले.

मोठ्या प्रतिकृतीचे मोल

वजन आटोक्यात राहिले की मोठा आकार उलट फायद्याचा ठरतो. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवले, की प्रवाहाची वागणूक वेग, आकार आणि श्यानता (चिकटपणा) यांच्या एकत्रित गुणोत्तरावर ठरते. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या २० सेंटिमीटर रुंदीच्या पंखासाठी हा रेनल्ड्स अंक सुमारे १ लाख ३० हजार येतो. छोट्या प्रवासी विमानाच्या पंखासाठी तो पन्नास लाखांच्या घरात असतो. लहान पंखाला हवा जणू अधिक चिकट वाटते. पंख मोठा केला की हा अंक वाढतो आणि प्रतिकृती खऱ्या विमानाच्या थोडी जवळ येते.

वेगाचे आणि काळाचे प्रमाण विल्यम फ्रूड यांनी जहाजांच्या प्रतिकृतींवरून बसवले होते. त्यासाठी त्यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथे पाण्याचा लांब हौद बांधला. त्यांच्या नियमानुसार वेग आणि काळ लांबीच्या वर्गमुळाने बदलतात. नासाने एफ-१५ या लढाऊ विमानाची तीन-अष्टमांश आकाराची प्रतिकृती केली. १२ ऑक्टोबर १९७३ रोजी ती बी-५२ विमानाच्या पंखाखालून सोडण्यात आली. वैमानिक जमिनीवर बसून ती चालवत होता. तीन-अष्टमांशाचे वर्गमूळ ०.६१. म्हणून प्रतिकृतीच्या हालचाली मूळ विमानाच्या १.६ पट झपाट्याने होतात, हे आधीच हिशेबात धरता आले. विमान गरगरत खाली येऊ लागले तर काय होते, हा जीवघेणा प्रश्न कोणाचाही जीव धोक्यात न घालता तपासता आला. मॅनली यांना हे भाग्य लाभले नव्हते.

वर्गात करून पाहावे

शिक्षकांना हा सारा इतिहास एका तासात दाखवता येईल. ड्रॉइंगच्या कागदाचे १५ सेंटिमीटर पंखविस्ताराचे साधे ग्लायडर करावे. मग तेच ३० सेंटिमीटरचे करावे, कागद तोच. क्षेत्रफळ आणि वजन दोन्ही चौपट होतात, पंखभार तितकाच राहतो. पण पंख लुळे पडतात. ही लँग्ले यांची अडचण. आता कागदाचे दोन थर चिकटवून पुन्हा ३० सेंटिमीटरचे करावे. पंख थोडे ताठ होतात, पण वजन आठपट होते आणि ग्लायडर वेगाने खाली येते. ही राइट बंधूंची अडचण. शेवटी पाच मिलिमीटर जाडीच्या थर्माकोलच्या चकतीतून तेच ग्लायडर कापावे. ते एकेरी कागदापेक्षाही हलके आणि दुहेरी कागदापेक्षाही ताठ निघते. नाकाला कागदाच्या क्लिपा लावून प्रत्येकाचा तोल साधावा. मग तराजू, मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन मुलांना पंखभार आणि वेग यांचा तक्ता करू द्यावा.

थर्माकोल नवा आणू नये. तो निसर्गात कुजत नाही, आणि महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सजावटीसाठी त्याच्या वापरावर बंदीही घातली. दूरदर्शन संचाच्या खोक्यातील जुना तुकडा पुरतो. कापायला पाते वापरावे, कारण तापलेल्या तारेने निघणारा धूर बंद खोलीत अपायकारक असतो.

असे ग्लायडर प्रदर्शनात ठेवले तर ते रंगवलेल्या विमानाइतके देखणे दिसणार नाही. पण त्याशेजारी मुलांचा तक्ता लावता येईल आणि 'हात लावू नये' ही पाटी काढून टाकता येईल.