एक बेरीज आणि रात्रीच्या फेऱ्या

आजचा भाग शेलूतल्या माझ्या घरूनच रेकॉर्ड केला होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांना मधे दोनदा मालगाडी ऐकू आली असेल. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की तू इंजिनिअर, मग हे पेशवे दफ्तराचं खूळ कुठून लागलं? तर ते एका चुकीतून लागलं. चूक माझी होती.

दोन वर्षांपूर्वी मी एका वाहतूकदारासाठी काम करत होते. नाव सांगत नाही. त्यांच्या टेम्पोच्या फेऱ्या आधी वहीत लिहिल्या जायच्या, त्या आम्ही पॉवर अ‍ॅप्सवर आणल्या. लो-कोड म्हणजे कोड फारसा न लिहिता, खोके ओढून-ठेवून केलेलं अ‍ॅप. ड्रायव्हरने मोबाइलवर बटण दाबलं की फेरीची नोंद डेटाव्हर्समध्ये जाते, तिथून पॉवर बीआयमध्ये रिपोर्ट उभा राहतो. महिना संपला की रात्री बाराच्या ठोक्याला आकडा गोठायचा आणि त्यावर फेऱ्यांचे पैसे निघायचे. डॅशबोर्ड इतका देखणा झाला होता की मालकांनी तो ऑफिसातल्या टीव्हीवर लावून ठेवला. मीही खूश.

पाच महिन्यांनी एक ड्रायव्हरकाका खिशातली डायरी घेऊन आले. म्हणाले, "ताई, मशीन बरोबरच असेल, पण माझ्या अकरा फेऱ्या कुठं गेल्या तेवढं सांगा." मी एकूण बेरीज काढून दाखवली. पाच महिन्यांच्या सगळ्या फेऱ्या, एक न एक, डेटामध्ये होत्या. काका म्हणाले, "असतील हो. पैसे नाहीत ना."

कारण सापडायला मला दोन दिवस लागले आणि सापडल्यावर लाज वाटली. डेटाव्हर्स वेळ साठवतं ती जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. अ‍ॅपमध्ये ती आपल्या वेळेत दिसते, पण रिपोर्टमध्ये कच्ची येते आणि बदलून घ्यावी लागते. मी घेतली नव्हती. त्यामुळे १ तारखेला पहाटे अडीचला केलेली फेरी माझ्या रिपोर्टला आदल्या महिन्याची वाटायची. आणि आदला महिना तर बारा वाजताच गोठलेला. म्हणजे फेरी जुन्या महिन्यात पोचली तेव्हा दार बंद, आणि नव्या महिन्यात तिची गणतीच नाही. एकूण बेरीज बरोबर असल्यामुळे कुणालाच, मलासुद्धा, शंका आली नाही. फटका बसला तो फक्त रात्रपाळीवाल्यांना.

त्या काळात येताजाता कर्जत लोकलमध्ये मी सुरेंद्रनाथ सेन यांचं मराठ्यांच्या राज्यकारभारावरचं पुस्तक वाचत होते. आणि त्यात भेटलं 'एक बेरीज दफ्तर'. नावावरच मी फिदा.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. एक 'चालते दफ्तर', म्हणजे रोजचं चालू काम, फडणिसांच्या हाताखालचं. इथे रोजकीर्द लिहिली जायची: आज काय आलं, काय गेलं, कुणाला कोणती सनद दिली, सगळं दिवसाच्या क्रमाने. दुसरं 'एक बेरीज दफ्तर'. त्याचा मुक्काम पुण्यात कायम. सगळ्या खात्यांचे हिशेब शेवटी इथे यायचे, आणि त्यांतून दोन प्रकारचे कागद तयार व्हायचे. तर्जुमा, म्हणजे वर्षाची जमा, खर्च आणि शिल्लक यांचा गोषवारा. आणि खतावणी, म्हणजे खर्चाच्या बाबी नावानिशी वेगवेगळ्या लावलेल्या. पुढच्या वर्षाचा अंदाज म्हणजे बेहडा, त्याचं काम मात्र चालत्या दफ्तरातल्या वेगळ्या शाखेकडे.

माझ्या धंद्यातल्या माणसांना आणखी काही सांगायला नको. रोजकीर्द हा कच्चा डेटा, खतावणी म्हणजे ग्रुपिंग, तर्जुमा म्हणजे डॅशबोर्ड. हे शब्द आपल्याला परकेही नाहीत. गावच्या किराणा दुकानातही कीर्द-खतावणी असायची, आणि ताळेबंद तर आजही वर्तमानपत्रात छापून येतो.

पण मला खरी गंमत वाटली ती तारखांची. मराठी हिशेबात तारीख बहुतेक वेळा हिजरी महिन्याची असते. आधी 'छ' लिहायचा, म्हणजे चंद्र, मग आकडा, मग रमजान किंवा सवाल किंवा जिल्काद. वर्ष मात्र हिजरी नाही, ते शुहूर सन, अरबी शब्दांत लिहिलेलं. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, इसवी सन १७६०-६१, पानिपताचं वर्ष. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, मृग नक्षत्राला सुरू होतं, कारण वसुलीचं वर्ष पेरणीशी बांधलेलं. म्हणजे महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं, आणि वर हिजरी दिवस सुरू होतो सूर्यास्ताला! त्यामुळे रात्री घडलेल्या गोष्टीची इंग्रजी तारीख लावताना अभ्यासकाला एक दिवस इकडे की तिकडे असा विचार करावाच लागतो. हे वाचलं तेव्हा गाडी वांगणीला उभी होती आणि मी एकटीच हसत होते. माझे साडेपाच तास त्यापुढे काहीच नाहीत.

फरक एवढाच की त्यांचा घोळ कागदावर उघड होता. कारकुनाला ठाऊक होतं की महिना एका घड्याळाने चालतो आणि वर्ष दुसऱ्या. माझा घोळ मलाच ठाऊक नव्हता, कारण अ‍ॅप वापरताना तो दिसतच नाही.

या दफ्तराचं पुढे काय झालं तेही सांगते. नाना फडणिसांच्या काळात शिस्त कडक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात माणसं कमी झाली, नोंदी मागे पडल्या, कागद लोक घरी घेऊन जाऊ लागले. १८१८ नंतर इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतलं तेव्हा शेवटच्या वर्षांची अवस्था वाईट होती. तर्जुमा करणारा कितीही हुशार असो, खाली रोजकीर्दच नसेल तर तो काय करणार? उलट जुन्या रोजकीर्दी टिकल्या म्हणून पुढे गणेश चिमणाजी वाड यांना त्यातले उतारे निवडता आले, आणि त्यांच्या आधाराने न्यायमूर्ती रानड्यांना पेशवाईच्या कारभारावर लिहिता आलं. नुसते गोषवारे उरले असते तर कोणत्या गावाला दुष्काळात किती सूट दिली हे कुठून कळलं असतं?

माझ्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच नव्हतं. वरून खाली उतरायची वाट. काकांच्या डायरीत होती, माझ्या टीव्हीवर नव्हती.

ही वाट आपल्याकडे एका रोजच्या कागदात अजून जिवंत आहे. तुमच्या घरी जमिनीचा सातबारा असेल तर काढून बघा. शेलूत फ्लॅट घेताना मी पहिल्यांदा नीट पाहिला, तोवर वडिलांच्या फाइलमधला एक पिवळा कागद एवढीच ओळख. तलाठ्याकडे एकूण २१ गाव नमुने असतात. नमुना सात हक्कांचा, नमुना बारा पिकांचा, दोन्ही जोडले की सातबारा. आमच्या भाषेत जॉइन. त्याच नोंदी खातेदारावार लावल्या की आठ-अ. पण सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे मालकाच्या नावाशेजारचा फेरफाराचा नंबर. तो घेऊन नमुना सहामध्ये जायचं, की हे नाव कधी आणि कशामुळे लागलं ते कळतं. वारसा, खरेदी, वाटणी, काय असेल ते. आणि फेरफार मंजूर होण्याआधी संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात.

हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना राज्यभर चुका झाल्या. नावं गळली, क्षेत्र बदललं. त्या दुरुस्त करताना २०१७ साली सरकारने जुनाच उपाय काढला: चावडी वाचन. गावकऱ्यांना बोलवायचं आणि संगणकातला सातबारा त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा. ज्याचं नाव चुकलं तो तिथेच उठून सांगणार.

मी तेच केलं. वेळेचं गणित दुरुस्त केलं, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं की त्याखालच्या फेऱ्या उघडतील अशी सोय केली. मग मालकांना पटवून दर महिन्याला पैसे निघायच्या आधी ड्रायव्हर जेवतात त्या शेडमध्ये यादी वाचायला सुरुवात केली. पहिल्या वाचनाला मी स्वतः गेले. मागच्या पाच महिन्यांच्या यादीत काकांशिवाय आणखी चार जणांच्या फेऱ्या निघाल्या. सगळ्यांचे पैसे पुढच्या पगारात मिळाले. काकांनी डायरीत त्या अकरा फेऱ्यांपुढे टिका केल्या आणि विचारलं, "आता ही बंद करू का, ताई?"

मी म्हटलं, नका करू.