कोठीघराचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे डोळ्यांपुढें लढाया आणि तह उभे राहतात. परंतु जिंकणारा काय आणि हरणारा काय, दोघांनाही दोन्ही वेळां जेवावें लागतें. म्हणून आज मी आपणांस स्वयंपाकघरालगतच्या अंधाऱ्या खोलीकडे, कोठीघराकडे, नेणार आहें.

प्रथम पन्हाळगडावर चलावें. तेथील अंबरखान्यांत गंगा, यमुना व सरस्वती या नांवांच्या धान्याच्या दगडी कोठ्या आजही उभ्या आहेत. त्यांत गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्या बाहेरील जिन्यानें छपरावर जातां येतें; छपराच्या भोंकांतून धान्य आंत ओतीत. १६६० सालीं सिद्दी जौहरानें या गडास वेढा घातला व शिवाजी महाराज कित्येक महिने आंत अडकून पडले. अशा वेळीं गडाचा जीव तटाइतकाच कोठींत असतो.

चिपळूणच्या छावणीसंबंधीं १६७४ च्या सुमाराचें महाराजांचें पत्र प्रसिद्धच आहे. दाणा व वैरण आधींच उधळाल तर भर पावसाळ्यांत कांहीं उरणार नाहीं, आणि मग रयतेस उपद्रव होईल, अशी त्यांत ताकीद आहे. उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल व वैरणीस आग लागेल, एवढाही विचार त्यांत केलेला आहे. आपली कोठी नीट न सांभाळणारा अखेर शेजाऱ्याच्या ताटांत हात घालतो, हेंच त्याचें तात्पर्य.

गृहिणींचें शास्त्र याहून निराळें नव्हतें. धान्य मोजण्यास निळवें, कोळवें, चिपटें, मापटें, शेर अशीं चढतीं मापें होतीं. प्रत्येक माप मागल्याच्या दुप्पट. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालीं झाला आणि हळूहळू हीं मापें माळ्यावर गेलीं. डाळीस एरंडेल चोळीत, कडधान्यास राख लावीत, धान्यांत कडुलिंबाचा पाला घालीत. बांबूची कणगी शेणमातीनें लिंपीत व तिच्या बुडाशीं बोळा घालून एक भोंक ठेवीत. धान्य वरून भरावयाचें आणि खालून काढावयाचें, म्हणजे जुनें आपोआप आधीं खर्चीं पडे.

मात्र या व्यवस्थेसही एक अट असे, आणि ती मी मोडली. १९७१ सालीं मी शाळकरी पोर होतों. नवी ज्वारी भरण्यापूर्वीं कणगीचा तळ झाडून घे, असें आजीनें बजावलें होतें. खेळाच्या नादांत मीं तळ तसाच ठेवून वर ज्वारी ओतविली. पुढील वर्षीं पाऊस पडला नाहीं. १९७२ चा तो दुष्काळ. रेशनच्या दुकानांत मिलो नांवाची तांबडी ज्वारी मिळूं लागली होती. ऐन निकडीच्या वेळीं कणगीचा बोळा काढला, तों दाण्यांबरोबर सोंडे आणि पीठ बाहेर आलें. आजी मला एक शब्दही बोलली नाहीं. तीन दिवस ती ओसरीवर ज्वारी पाखडीत बसली होती. तिचें तें न बोलणें मला अजून ऐकूं येतें.

आज आपल्या घरीं कणगी नाहीं, डबे आहेत. तरी नवी डाळ ओतण्यापूर्वीं डबा रिकामा करावा, पुसावा, उन्हांत ठेवावा. जुनी डाळ वेगळी काढून आधीं शिजवावी. तळ झाडल्यावांचून नवें भरूं नये, एवढाच कोठीघराच्या इतिहासाचा धडा आहे. तो मला फार महाग पडला. आपणांस फुकट देऊन मी आपली रजा घेतों.