‘बोलपट’ : एका शब्दाची कथा

सन १९१३ मध्यें दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईस झळकला, तेव्हां त्यास ‘मूकपट’ म्हणण्याचें कोणाच्या मनांत आलें नसेल. जेथें सारींच चित्रें मुकीं, तेथें मुकेपणास निराळें नांव कशाला हवें? त्या नांवाची गरज पडली ती चित्रें बोलूं लागल्यावर. म्हणजे १४ मार्च १९३१ रोजीं अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला त्यानंतर.

इंग्रजी ‘टॉकी’ला मराठींत ‘बोलपट’ हा प्रतिशब्द रूढ झाला. त्याचें जनकत्व स्वातंत्र्यवीर सावरकरांकडे देण्याचा प्रघात आहे. भाषाशुद्धीच्या टांकसाळींतील कित्येक नाणीं बाजारांत चाललीं नाहींत. हें मात्र खणखणीत वाजलें. कारण उघड आहे. ‘पट’ संस्कृत असला तरी ‘बोल’ आपल्या ओसरीवरचा. कोणा पंडितानें ‘वाक्पट’ असें शुद्ध रूप सुचविलें असतें, तर तें कोशांतच पडून राहतें. शिवाय ‘बोल’ म्हणजे नुसतें संभाषण नव्हे. लेंकराचे बोल, तबल्याचे बोल, आणि बोल लावणेंही! आरंभींच्या या चित्रांत गाण्यांची इतकी रेलचेल असे, कीं दुसऱ्या अर्थानें नांव अधिकच शोभे. ‘आलम आरा’मध्येंच सात पदें होतीं. (एक बारीक शंका राहतेच : बोलतो तो पट नव्हे, पडद्यामागचा कर्णा. पण लोकांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं, हें बरेंच झालें.)

या ‘बोला’नें दिलें काय आणि घेतलें काय, हें पाहावयाचें तर पुन्हां हरिश्चंद्राच्याच कथेकडे वळावें. फाळक्यांच्या चित्रांत तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषानें केलें, कारण त्या कामास स्त्री मिळेना. चित्र मुकें असल्यानें आवाजाची अडचण नव्हती. १९३२ मध्यें कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनें शांतारामांच्या दिग्दर्शनाखालीं तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या नांवानें बोलकी केली, तेव्हां हरिश्चंद्र झाले संगीत रंगभूमीवर मुरलेले गोविंदराव टेंबे, आणि तारामती दुर्गाबाई खोटे. कुलीन स्त्रियांनीं या धंद्यांत पाऊल टाकूं नये अशा समजुतीच्या काळांत एका सुशिक्षित घरांतील स्त्रीचा कंठ मराठी चित्रांतून ऐकूं आला, ही प्राप्ति लहान नव्हे.

हानिही झालीच. मुक्या चित्राच्या पाट्या बदलल्या कीं तें कोणत्याही प्रांतांत चाले. बोलक्या चित्राभोंवतीं भाषेची वेस उभी राहिली; ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन भाषांत घ्यावा लागला. मला तरी हा सौदा महाग वाटत नाहीं. संगीत नाटकमंडळ्यांचे गायक व प्रेक्षक ओढून नेल्याचा ‘बोल’ बोलपटास लागला, तो मात्र सहज पुसतां येण्याजोगा नाहीं.

पुढें सारींच चित्रें बोलकीं झालीं, ‘बोल’ हें उपपद अनावश्यक ठरलें आणि ‘चित्रपट’ या व्यापक शब्दानें सगळी जागा घेतली. ‘मूकपट’ मात्र अजून उपयोगाचा आहे. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज हातीं नाहीं; ‘अयोध्येचा राजा’ पाहतां येतो आणि ऐकतांही येतो.