कल्याणमध्ये घर घेताना: एजंट काय सांगतो, आपण काय विचारायचे

मुंब्रा, कुर्ला, भिवंडीतून बरीच कुटुंबे कल्याणकडे सरकत आहेत. दूधनाका, गोविंदवाडी, वलीपीर रोड परिसरात जागा मिळत नाही, म्हणून खाडीपलीकडे कोनगाव, नाहीतर टिटवाळ्याच्या बाजूला पाहायला जावे लागते. अशा वेळी पहिला माणूस भेटतो तो इस्टेट एजंट. बहुतेकदा ओळखीतला, मशिदीत सलाम-दुआ असलेला. ओळख असणे चांगलेच, पण ओळख म्हणजे कागद नव्हे.

आधी एजंटची नोंदणी पाहू या. 1 मे 2017 पासून लागू झालेल्या रेरा कायद्यानुसार, नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकून देणाऱ्या एजंटकडे स्वतःचा महारेरा नंबर असलाच पाहिजे. प्रकल्पाचा नंबर वेगळा, एजंटचा वेगळा. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतात. नंबर विचारल्यावर एजंट नाराज झाला तर दुसरा एजंट बघावा. जुन्या बिल्डिंगमधला रीसेल फ्लॅट मात्र बहुधा या कक्षेत येत नाही. तिथे जबाबदारी जवळपास पूर्ण आपल्यावरच.

महारेरा नंबर मिळाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. आपल्याच कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी महापालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथे राहणाऱ्यांनी आयुष्यभराची कमाई घातली होती, अनेकांनी बँकेचे कर्जही काढले होते. म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन खात्री करावी. एक दिवसाची रजा पडेल, पडू द्या. कोनगावसाठी मात्र हे कार्यालय चालणार नाही. कोन भिवंडी तालुक्यात येते, महापालिकेच्या हद्दीत नाही. तिथे परवानगी एमएमआरडीएची आहे का ते पाहावे. "सर, ग्रामपंचायतीची परवानगी आहे" हे उत्तर एजंटकडून नेहमी ऐकू येते. त्यावर विश्वास ठेवून बयाणा देऊ नये.

आपल्यातले बरेच जण व्याज टाळण्यासाठी बँकेचे कर्ज घेत नाहीत. दागिने, गावची जमीन, भावाने सौदीहून पाठवलेले पैसे असे जमवून घर घेतात. यात एक अडचण लक्षात येत नाही. कर्ज असले की बँकेचा वकील निदान एकदा तरी कागद तपासतो. रोखीच्या खरेदीत तेवढीही चाळणी नसते. म्हणून स्वतःचा वकील लावून मागच्या 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढावा. एजंटने सुचवलेला वकील नको. सगळे जुने करारनामे, इंडेक्स टू आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट मागावे. पूर्ण झालेल्या इमारतीचा भोगवटा दाखला असेल तर उत्तम, नसेल तर का नाही ते विचारावे.

दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही. रीसेलमध्ये साधारण एक ते दोन टक्के मागतात, आणि तोच एजंट बहुधा विकणाऱ्याकडूनही घेतो. म्हणजे तो फक्त आपला माणूस नसतो. दर, कधी द्यायचा आणि सौदा फिसकटला तर काय, हे आधी लिहून घ्यावे. टोकन थेट मालकाच्या किंवा बिल्डरच्या खात्यात द्यावे, एजंटच्या हातात नाही. घराच्या सौद्यात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्यात बसत नाही, आणि रोखीचा पुरावाही उरत नाही. बिल्डरकडून घेत असाल तर करारनामा नोंदणीकृत होण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला मागता येत नाही, हेही एजंटला ऐकवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांना ठाऊकच आहे. फोनवर नाव सांगितले की एजंट म्हणतो, "सोसायटी परवानगी देत नाही." खरे काय ते पाहू या. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतरासाठी सोसायटीचे ना-हरकत पत्र सक्तीचे नाही. महापालिका हद्दीत ट्रान्सफर फी 25 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. सबळ कारणाशिवाय सदस्यत्व नाकारल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे दाद मागता येते. म्हणून सोसायटीने नकार दिला असे एजंट सांगत असेल तर तो नकार लेखी मागावा. बऱ्याचदा असा कागद येतच नाही, कारण सोसायटीला कोणी विचारलेलेच नसते.

नोंदणी घरातल्या स्त्रीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. एजंट हे सहसा स्वतःहून सांगत नाही.